चार बोटे हवा

प्रा. यशवंत कापगते गेले त्या सकाळी मी नेहमीप्रमाणे उठलो, चहा केला आणि आम्हा दोघांच्या घरांमधल्या सामाईक भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्चीत बसून तो प्यालो. भिंतीपलीकडून त्यांच्या प्राणवायूच्या यंत्राचा आवाज येत होता. एक लांब घरघर, मग झडप बदलल्याचा फुस्कारा, पुन्हा घरघर. माझी सारी नोकरी कॉम्प्रेसर बनवणाऱ्या कारखान्यात गेली. हवा दाबणाऱ्या यंत्राच्या आवाजात खोट असेल तर ती मला कळते. त्या सकाळी खोट नव्हती. म्हणून मी वर्तमानपत्र उघडले. थोड्या वेळाने सुनंदाबाईंनी बेल वाजवली. त्या दिवसभर कापगत्यांची देखभाल करीत आणि त्यांच्याकडे दाराची किल्ली असे. म्हणाल्या, "आजोबा, जरा येता का? सर उठत नाहीत." मी गेलो. नाकाची नळी जागच्या जागी होती. तिच्यापुढे बोट धरले तर हवा येत होती. यंत्र देत होते, घेणारा नव्हता. मी बटण बंद केले. कित्येक महिन्यांनी ती खोली शांत झाली, आणि त्या शांततेत खिडकीजवळच्या माशाच्या टाकीतली मरळ वर आली, तोंडभर हवा घेऊन पुन्हा तळाशी गेली.

याला आता काही आठवडे झाले. कापगत्यांविषयी लिहा, असे त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला सुचवले. मी त्याला म्हटले की मी यंत्रांवर अहवाल लिहिले आहेत, माणसांवर नाहीत. तो म्हणाला, "मग तसंच लिहा." हे तसेच आहे.

मी मूळचा नारायण पेठेतला. कोथरूडला घर घेतले तेव्हा आमच्या नातलगांनी मी परगावी निघालो असल्यासारखे तोंड केले होते. इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर आमचे आणि शेजारी कापगत्यांचे घर. ते भंडाऱ्याकडचे. शिकायला पुण्यात आले आणि इथल्याच एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवू लागले. आमचा पहिला संवाद भांडणाचा झाला. त्यांनी जिन्याच्या चौकात कुंड्या मांडल्या होत्या. मी त्यांना म्हटले, "कापगते, हा जिना वनखात्याकडे वर्ग झाल्याचे मला कोणी कळवले नाही." त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिले. "काऊन हो? झाडं तुम्हाला धक्का देतात का?" "धक्का देत नाहीत, वाट अडवतात." "मग या घरात," ते म्हणाले, "वाट कशी उघडते ते दाखवतो." मी का गेलो ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी त्याच कुंडीतले एक पान तोडले, त्याच्या खालच्या बाजूची साल नखाने अलगद सोलली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी पाहिले. हिरवट पडद्यावर जागोजाग ओठांसारख्या जोड्या, मधे फट. त्यांनी सांगितले की पान याच फटींतून हवा घेते आणि सोडते. दोन्ही ओठांत पाणी भरले की ते फुगून वाकतात आणि फट उघडते. पाणी ओसरले की मिटतात. झाडाला तहान लागली की झाड आपण होऊन दार लावून घेते. मी बराच वेळ डोळा काढला नाही. झडपा बनवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एवढी निर्दोष झडप पानाच्या पोटाखाली सापडावी, हे मला काहीसे अपमानास्पद वाटले. "याला स्प्रिंग नाही," मी म्हटले. "नाही." "वंगण नाही." "नाही." "बिघडते कधी?" "झाड मेलं की." कुंड्या जिन्यातच राहिल्या. मी त्यांना वळसा घालून जाऊ लागलो.

त्यानंतर संध्याकाळचा चहा एकत्र होऊ लागला, आणि चहाबरोबर वाद. विषय बहुधा एकच, श्वास. कोण कुठून हवा घेतो, याचे त्या माणसाला विलक्षण वेड होते. वर्गात हा धडा सुरू करण्याआधी ते सगळ्यांना श्वास धरायला लावीत आणि स्वतःही धरून फळ्यापाशी उभे राहत. शेवटच्या मुलाने श्वास सोडला की म्हणत, "आता लिहा." त्यांचे विद्यार्थी आज साठीला आलेत, भेटायला आले की सगळे हीच एक गोष्ट सांगत. माझ्याशी त्यांचे भांडण फुप्फुसांवरून होई. माझे म्हणणे असे की माणसाचे फुप्फुस हा कच्चा आराखडा आहे. ज्या नळीने हवा आत, त्याच नळीने बाहेर. शिळी हवा पुरती निघत नाही, ताजी पुरती भरत नाही. असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी शेरा मारून परत पाठवला असता. "पक्ष्यांचा पास केला असता तुम्ही," ते म्हणाले. "त्यांच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहते." मग त्यांनी माशाचा कल्ला कागदावर काढला. पाणी या बाजूने येते, रक्त त्या बाजूने जाते, दोघे एकमेकांच्या उलट. मी चहाचा कप खाली ठेवला. दोन प्रवाह उलट दिशांनी नेले तर देवाणघेवाण शेवटच्या टोकापर्यंत चालू राहते, हे आम्ही हीट एक्स्चेंजरमध्ये वापरतो. मी ते शिकाऊ अभियंत्यांना वर्षानुवर्षे शिकवले होते. तसे मी सांगितले. कापगते म्हणाले, "मासे आधीपासून करतात, गद्रेसाहेब. त्यांनी पेटंट घेतलं नाही, एवढंच."

ते 'गद्रेसाहेब' म्हणत, त्यात आदर किती आणि चिमटा किती, हे मी कधी मोजले नाही. तळमजल्यावरच्या एका बाईंनी झुरळांची तक्रार केली तेव्हा त्यांनी जिन्यातच व्याख्यान दिले. झुरळ तोंडाने श्वास घेत नाही, त्याच्या दोन्ही कुशींना बारीक छिद्रे असतात, साबणाच्या पाण्याने ती बुजली की संपले. तेव्हापासून आमच्या सोसायटीत झुरळे शास्त्रोक्त पद्धतीने मरू लागली. माझी पत्नी गेली तेव्हा मात्र ते काहीच बोलले नाहीत. रोज संध्याकाळी येत, समोर बसत, आपला चहा संपवून जात. त्यांची पत्नी मुलगी रश्मी शाळेत असतानाच गेली होती आणि तिला त्यांनी एकट्याने वाढवले होते. अशा वेळी काय बोलू नये, ते त्यांना ठाऊक असावे.

मरळ आणली ती ते निवृत्त झाल्यावर. त्यांच्याकडे भंडाऱ्याला गावोगाव तलाव. उन्हाळ्यात तलाव आटला की पोरे गाळात हात घालून मरळ काढीत, असे ते सांगत. मी विचारले, "मेलेली?" तर म्हणाले, "मेलेली काऊन असेल? जिवंत. चिखलात तोंड वर करून बसते ती. तिला कल्ले पुरत नाहीत, गद्रेसाहेब. डोक्यात, कल्ल्यांच्या वर, एक कप्पा आहे, त्यात हवा भरून घेते. पाण्यात राहते, पण श्वास हवेतून." मला ते पटले नाही. म्हणून एका रविवारी ते मला माझ्या स्कूटरवर मागे बसून मासळीबाजारात घेऊन गेले. मी आयुष्यात प्रथमच तिथे पाऊल ठेवले. एका कोळीणबाईंच्या पत्र्याच्या घमेल्यात चार-पाच काळपट मासे नुसत्या ओलाव्यात पडले होते आणि मधूनच तोंड उघडत होते. बाकी सगळी मासळी बर्फावर निर्जीव. कापगत्यांनी त्यातली वीतभर लांबीची एक निवडली. "तुकडे करून देऊ?" "नको, अख्खी द्या. आणि थोडं पाणी द्या पिशवीत." त्या बाईंनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. "पाणी कशाला, आजोबा? घरापर्यंत काय मरत नाय ही." कापगते माझ्याकडे वळले. वादात माझ्यावर मात केल्याचा तेवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा पाहिला नाही. परतीच्या वाटेवर ते मागच्या सीटवर मासा मांडीवर घेऊन बसले होते आणि प्रत्येक सिग्नलला मला सांगत होते, "जिवंत आहे."

टाकी त्यांच्या खिडकीपाशी आली. मरळ उडी मारते, म्हणून वर तारेची जाळी. पाणी भरताना ते जाळीखाली काचेला चार बोटे आडवी लावीत. पाणी बोटांच्या खालच्या कडेला आले की थांबत. मधली तेवढी जागा रिकामी. मी विचारले होते की हे माप कुठले. "माझ्या बोटांचं," ते म्हणाले. मी पट्टी देऊ केली. त्यांनी घेतली नाही.

पुढे काही वर्षांनी ते जिना चढताना चौकात थांबू लागले. थांबायचे आणि कुंडीतले पान न्याहाळल्याचे सोंग करायचे. तपासण्या झाल्या. फुप्फुसे आतून राठ होत चालली होती. औषधाने वेग कमी होईल, मागे फिरणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या संध्याकाळी त्यांनी मला स्वतःचा आजार एखाद्या प्राण्याविषयी बोलावे तसा समजावून दिला. "गांडुळाला फुप्फुस नाही, कल्ले नाहीत, सगळा व्यवहार कातडीतून. बेडूकही बरंचसं काम कातडीवर भागवतो. पण गांडूळ असो, पान असो, तुम्ही असा, अट एकच. मधला पडदा पातळ हवा आणि ओला हवा. माझा जाड झाला." "पातळ करता येतो?" "नाही." "मग?" "मग पलीकडच्या बाजूला प्राणवायू वाढवायचा, म्हणजे जाड पडद्यातूनही थोडा झिरपेल. ते तुमचं खातं, गद्रेसाहेब." यंत्र भाड्याने आले. हवा आत ओढायची, दाबायची, नत्र आतल्या खड्यांत अडकवून ठेवायचा आणि प्राणवायू तेवढा पुढे सोडायचा, हे त्याचे काम. त्याची गाळणी धुणे, नळ्या तपासणे, वीज गेली तर जोडायला सिलिंडर भरलेला ठेवणे, ही कामे मी घेतली. त्यांनी आभार मानले नाहीत. मी मानू दिलेही नसते.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांना काही दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. रश्मी खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, राहतेही तिथेच, बाराव्या मजल्यावर. ती धावत आली. रुग्णालयातले सगळे तिने एकटीने सांभाळले आणि मधल्या वेळात वडिलांचे घरही लख्ख करून घेतले. त्यात टाकी आली. गंजलेली जाळी पाहून ती अस्वस्थ झाली. बाबा वाकून मासा उचलायला जातील, पडतील, अशी तिला धास्ती. तिने दुकानातला माणूस बोलावला. त्याने टाकी घासली, पाणी फिरवणारे छोटे यंत्र बसवले, काठोकाठ पाणी भरले आणि वर काचेचे झाकण घट्ट बसवले. टाकी इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती. दुपारी मी खाणे घालायला गेलो तर मरळ वर येऊन काचेवर डोके आपटत होती, पुन्हा खाली जात होती, पुन्हा आपटत होती. यंत्राच्या वायरीसाठी कोपऱ्यात एक खाच ठेवलेली होती. शेवटी तिथे तोंड लावून ती लोंबकळत राहिली. मी रुग्णालयात फोन लावला. रश्मीने तो त्यांच्या कानाला धरला. मी जे दिसते ते सांगितले. बराच वेळ नुसता त्यांच्या श्वासाचा आवाज आला.

"झाकण... काढा," ते म्हणाले. "पाणी कमी करा... चार बोटं."

"बोटे हे माप नव्हे. सेंटिमीटर सांगा."

"चार बोटं, जी."

"कोणाची बोटे, कापगते? तुमची की माझी?"

"बाप्पा..." ते हसले असावेत, कारण त्यानंतर खोकला सुटला. "तुमचीच लावा. ती बुडून मरते आहे तिकडे... आणि तुम्ही माप विचारता."

मी झाकण काढले आणि मगाने पाणी उपसू लागलो. मरळ वर आली, तिने हवा घेतली आणि मी पाण्याबाहेर काढलेल्या हातावर शेपटीचा फटका मारून खाली गेली. गॅलरीच्या कोपऱ्यात टाकलेली जुनी जाळी मी पुन्हा बसवली. पलीकडे फोनवर रश्मी विचारत होती, "मासा बुडतो? बाबा, मासा कसा बुडेल?" ते तिला काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही.

ते घरी आले त्या दिवशी खरा प्रश्न निघाला. रश्मीला त्यांना खराडीला न्यायचे होते. त्यांना इथून हलायचे नव्हते. मला दोघांनी बोलावून समोर बसवले.

"बाबा, तिकडे लिफ्ट आहे, लाइट गेली तर जनरेटर आहे, खाली क्लिनिक आहे. मी वर्क फ्रॉम होम घेते. नक्की प्रॉब्लेम काय आहे तुम्हाला?"

"तुझ्या घरात... खिडकी उघडत नाही."

"एसी आहे, बाबा."

"तेच म्हणतो मी."

"हे उत्तर झालं का?"

"मरळ पिल्लांची राखण करते," ते थांबत थांबत म्हणाले. "पिल्लं श्वासाला वर आली की भोवती फिरत राहते. पण पिल्लांनी मरळीची राखण करायची... अशी रीत निसर्गात नाही."

"माणसांत आहे," रश्मी म्हणाली. "आणि तुम्हीच पाडलीत. आई गेल्यावर मला घरी एकटीला न ठेवता तुमच्या लॅबमध्ये बेडकांशेजारी बसवत होतात ना? तेव्हा मला विचारलं होतं का, तुला चालेल का म्हणून?"

यंत्राने दोनदा झडप बदलली. मग ते माझ्याकडे वळले. "गद्रेसाहेब, तुम्ही बोला काहीतरी."

"मी या प्रकरणात पक्षकार नाही."

"आहात, काका," रश्मी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. "मला एकच भीती आहे. बाबा एकटे असताना काही झालं तर? तुम्ही जबाबदारी घेत असाल तरच मी त्यांना इथे ठेवीन. नाहीतर उद्या गाडी आणते."

त्या क्षणी मी नाही म्हणालो असतो तर ते खराडीला गेले असते, बहुधा आणखी काही महिने जगले असते आणि शेवटच्या क्षणी त्यांचा हात मुलीच्या हातात असता. मी टाकीकडे पाहिले. मग म्हटले, "दिवसा सुनंदाबाई. संध्याकाळी मी. वीज गेली तर सिलिंडर मी जोडीन."

"आणि रात्री? सुनंदाबाईंना रात्रीही ठेवते मी."

"रात्री... कोणी नको मला घरात," कापगते म्हणाले.

"भिंत एकच आहे," मी म्हटले. "यंत्र थांबले तर मला ऐकू येईल."

"थांबलं तर," ती म्हणाली. तिने ते शब्द नुसते पुन्हा उच्चारले. मग उठून वडिलांची उशी सारखी केली आणि गाडी आणली नाही.

ते त्यानंतरचा हिवाळा आणि उन्हाळ्याचा आरंभ जगले, आपल्या खिडकीशी. सुनंदाबाईंनी त्यांची नीट सेवा केली आणि त्यांच्याशी भांडल्याही. "सर, गोळी घ्या, नाहीतर ताईंना फोन लावीन." "लावा. तिला म्हणावं... मास्तर उनाड निघाला." रश्मी दर रविवारी येई. तिच्या हट्टाने त्यांनी एकदा मोबाइलवर खराडीची बंद खिडकी पाहिली आणि एकदा तिच्या हट्टानेच खिचडी पूर्ण संपवली. बोलणे हळूहळू आखूड होत गेले. वाक्यातली विशेषणे आधी गेली, मग क्रियापदे. पुण्यात आयुष्य काढून अंगवळणी पडलेली प्रमाण भाषा मागे पडली आणि भंडाऱ्याचे तुकडे वर आले. मी एकदा त्यावर टोकले तेव्हा त्यांनी दोन श्वास घेतले आणि म्हणाले, "पुणेरी वाक्याला... हवा फार लागते, गद्रेसाहेब." मी संध्याकाळी जाई, गाळणी पाही, चहा करी. ते अर्धा कप घेत. मग आम्ही मरळीकडे पाहत बसू. ती वर येई, हवा घेई, जाई. ती वर येण्याची वेळ झाली की ते बोट उचलत, आणि बहुधा त्यांचा अंदाज बरोबर ठरे. या सवयीला आम्ही काही नाव दिले नव्हते.

शेवटच्या संध्याकाळी वेगळे काही घडले नाही. उकाडा होता. टाकीतले पाणी उडून खाली गेले होते, ते त्यांनी खुणेने दाखवले. मी आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या बादलीतून मगाने पाणी ओतू लागलो. पाठमोरा होतो. मागून आवाज आला, "बस्स." मी वळून पाहिले. त्यांनी हाताची चार बोटे आडवी धरून वर केली होती. मी थांबलो. "उद्या येतो," म्हटले. त्यांनी तोच हात हलवला.

रश्मी आली तेव्हा मी जिन्यात उभा होतो. ती आत जाऊन आली आणि कुंड्यांपाशी माझ्यासमोर उभी राहिली.

"काका, आवाज येत होता?"

"येत होता. सकाळपर्यंत."

"म्हणजे यंत्र थांबलं नाही."

"यंत्र थांबले नाही."

"म्हणजे बाबा एकटेच होते."

"होय," मी म्हटले. ती पुन्हा आत गेली आणि टाकीसमोर बसून राहिली. मरळ दोनदा वर येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा रश्मी माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ही होती." त्यांना इथे ठेवण्याचा निर्णय बरोबर होता का, हे मला विचारण्याचा अधिकार दोघांना होता. एक गेले. दुसरीने अजून विचारलेले नाही.

दिवसकार्य झाल्यावर घर आवरताना तिने विचारले, "हिचं काय करायचं? मी नेऊ का खराडीला?" मी म्हटले, "तुझ्या घरात खिडकी उघडत नाही." ती हसली. त्या साऱ्या दिवसांत प्रथमच हसली, आणि हसता हसता तिचा बांध फुटला. मी खिडकीतून खाली पाहत राहिलो. मग ती म्हणाली, "तुम्ही ठेवाल?" "ठेवीन. जागा आहे." रिकामी केलेली टाकी दोन माणसांनी उचलून माझ्या घरात आणली. तोवर मरळ ओल्या टॉवेलात गुंडाळून मी दोन्ही हातांवर धरली होती. सुनंदाबाई घाबऱ्या झाल्या. "आजोबा, पाण्याविना मरेल की ती!" "घरापर्यंत मरत नाही," मी सांगितले.

यंत्र परत गेले. शेजारच्या घराला कुलूप आहे. रश्मीने ते अद्याप भाड्याने दिलेले नाही. टाकी मी त्याच सामाईक भिंतीला लावून ठेवली आहे, खुर्चीच्या शेजारी. पलीकडून आता काही ऐकू येत नाही. रात्री सवयीने कान भिंतीकडे जातो, आणि अलीकडच्या बाजूला पाणी हलते, एक लहानसा आवाज होतो आणि पुन्हा सगळे थांबते. तो आवाज कशाचा, हे कळायला मला सुरुवातीला क्षणभर लागे. आता लागत नाही. जिन्यातल्या कुंड्यांना मी पाणी घालतो. चहा एकाच कपाचा करतो; दोनदा चुकून दोनाचा झाला, तो ओतून दिला. रश्मी रविवारी येते, टाकीसमोर बसते, कधी बोलते, बहुधा बोलत नाही. मागच्या रविवारी मरळ वर यायच्या किंचित आधी तिने बोट उचलले. अंदाज बरोबर ठरला.

या दिवसांत पाणी लवकर उडते. दर दोन दिवसांनी मी ते भरतो. माझ्या टेबलाच्या खणात पोलादी पट्टी आहे, ती मी काढत नाही. जाळीखाली काचेला चार बोटे आडवी लावतो आणि पाणी कडेला आले की थांबतो. कापगत्यांची बोटे बारीक होती, खडू धरणाऱ्याची. माझी जाड आहेत. मरळीला पूर्वीपेक्षा थोडी अधिक हवा मिळते.